रोमची चिल्लर काय सांगते?

रोमन नाणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सोनं-चांदीच येत असेल, नाही का? पण तिथल्या सामान्य माणसाच्या हातात रोज खेळायची ती ब्राँझची चिल्लर.

इ.स.पू. 23 च्या सुमारास सम्राट ऑगस्टसने या चिल्लरीची नीट घडी बसवली. चार क्वाड्रन्सचा एक अ‍ॅस, दोन अ‍ॅसचा एक ड्युपॉन्डियस, चार अ‍ॅसचा एक सेस्टर्शियस. असे चार सेस्टर्शियस दिले की चांदीचा एक डिनेरियस मिळे. गंमत म्हणजे आपण या सगळ्यांना सरसकट ब्राँझ म्हणतो, पण अ‍ॅस तांब्याचा होता आणि ड्युपॉन्डियस, सेस्टर्शियस चक्क पितळेचे! अ‍ॅस आणि ड्युपॉन्डियस आकाराने जवळपास सारखेच, त्यामुळे रंगाकडे लक्ष द्यावं लागे.

या चिल्लरीत काय मिळायचं? रोमच्या सार्वजनिक स्नानगृहात एका क्वाड्रन्समध्ये आंघोळ व्हायची. पाँपेई शहरातल्या एका मद्यालयाच्या भिंतीवर तर दरच लिहिलेले सापडलेत: एका अ‍ॅसला साधं मद्य, दोनला त्याहून चांगलं आणि चारला नावाजलेलं फालेर्नियन.

मग ही घडी विस्कटली कशी? इ.स. 215 मध्ये सम्राट कॅराकॅलाने चांदीचं नवं नाणं काढलं. त्याची किंमत दोन डिनेरियस मानली जाई, पण चांदी मात्र जेमतेम दीड डिनेरियसची. पुढचे सम्राट युद्धांच्या खर्चापायी त्यातली चांदी आणखी कमी करत गेले. इ.स. 270 पर्यंत शंभरात पाच भागही चांदी उरली नाही. आत तांबं, वर चांदीचा मुलामा! आता जुन्या सेस्टर्शियसमधलं पितळच त्याच्या किमतीपेक्षा महाग ठरू लागलं. लोकांनी ते दडवले, वितळवले आणि भलंमोठं पितळी नाणं बाजारातून नाहीसं झालं. महागाई मात्र वाढतच राहिली.

इ.स. 301 मध्ये सम्राट डायोक्लेशियनने हजाराहून अधिक वस्तू आणि कामांचे कमाल दर ठरवले. जास्त दर घेणाऱ्याला थेट मृत्युदंड! तरीही भाव आटोक्यात आले नाहीत. उलट, भीतीने माल बाजारातून गायब झाला, असं त्या काळच्या लॅक्टँटियस या लेखकाने नोंदवलंय.

नाण्यावर सम्राटाचा चेहरा छापता येतो, लोकांचा विश्वास नाही. कष्टाने चार पैसे गाठीला बांधणाऱ्या घरांना याची झळ सर्वांत आधी बसते. कधी चेन्नईला गेलात, तर तिथल्या सरकारी संग्रहालयातली रोमन नाणी मुलांना आवर्जून दाखवा आणि ही गोष्टही सांगा.