भट्टीचा धूर भट्टीतच कमी करा



विळा, कुऱ्हाड, घरावरची टिनं. लोखंड आपल्यालेही लागते. लोखंडाला आमचा विरोध नाही. पण ते बनते कसे, हे समजून घ्या. खाणीतल्या दगडातून लोखंड काढायला भट्टीत कोळसा लागतो. आपल्या देशात एक टन पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन वायू हवेत जातो. त्यानं हवा तापते, पावसाचा नेम राहत नाही.

उपाय आहेत. भंगार विजेच्या भट्टीत वितळवलं तर हा वायू बराच कमी निघतो. जालन्याचे कारखाने भंगारावरच वाढले. सूर्याच्या विजेवर काढलेला हायड्रोजन कोळशाऐवजी वापरला, तर कार्बनच्या जागी पाण्याची वाफ निघते. हे कराच, असं आम्हीही म्हणतो.

पण हिशेब पुरा ठेवा. डिसेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं 'हरित पोलाद' ठरवलं: टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी कार्बन असेल तर तारे मिळतील. त्या मोजणीत खाण धरलेलीच नाही. मग गडचिरोलीत सूरजागडच्या डोंगरावर पडलेलं झाड कोण मोजणार?

तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायला जागा दुसरीकडे शोधतात. उद्या ती मेळघाटात, आपल्या दाव्याच्या वावरात निघाली तर?

धारणी, चिखलदरा, अकोट, तेल्हाऱ्याच्या गावांनो, 2006 च्या वनहक्क कायद्याचे दावे पुरे करा. पर्यायी वनीकरणाचा कागद आला तर तो ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, ठराव लिहून ठेवा. ठरावाविना सही नाही!