कच्चं लिंबू



डबा ऐसपैस रंगात आलेला असतो आणि कुणाचा तरी धाकटा भाऊ मध्येच येऊन ‘मी पण, मी पण’ करतो. मग तुम्ही काय करता? ‘तो कच्चं लिंबू हं!’ म्हणजे पळायचं सगळ्यांबरोबर, पण राज्य कधीच नाही. वर्ष-दोन वर्षांत तो पक्का गडी होतो. काही मुलं मात्र पंधरा वर्षांची झाली तरी कच्चं लिंबूच राहतात.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचं पुष्कळदा असंच होतं. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. यांच्यातल्या बहुतेकांच्या पेशींत 21 व्या जोडीत दोनाऐवजी तीन गुणसूत्रं असतात. (21 मार्च हा जागतिक डाउन सिंड्रोम दिन का, ते आलं ना लक्षात?) हे कुणाला जडत नाही बरं का! शिकायला वेळ जास्त लागतो, बोलणं कधी अडखळतं, इतकंच.

1968 साली शिकागोत सुरू झालेल्या ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’मध्ये ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ नावाचा प्रकार आहे. भारतातही तो खेळला जातो. बास्केटबॉलच्या अशा संघात मैदानावरच्या पाचांपैकी तिघं बौद्धिक अपंगत्व असलेली, दोघं तुमच्यासारखी. या दोघांना ‘पार्टनर’ म्हणतात. मदतनीस नाही हं, पार्टनर! त्यांनी एकट्यानेच चेंडू अडवून बास्केटमागून बास्केट मारायच्या नाहीत, असा दंडक आहे. मला तर वाटतं, हा नियम आपल्या गल्लीतल्या काही क्रिकेटवीरांनाही लावावा!

तुमच्या सोसायटीत असा कुणी मित्र असेल तर उद्या त्याला हाक मारा. ‘काकू, याला खेळायचंय का?’ असं त्याच्यासमोर त्याच्या आईला विचारू नका. त्यालाच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. एक गोष्ट मात्र काकूंनाच विचारायची. काहींच्या मानेचे सांधे सैल असतात, काहींना जन्मतः हृदयाचा त्रास असतो. तेव्हा कोलांटउड्या, ढकलाढकली, फार पळापळ चालेल ना, हे आधी विचारून घ्यायचं. आईबाबांनो, ही चौकशी तुम्ही केलीत तर आणखी बरं.

मग खेळ सुरू. पहिल्या दिवशी नियम चार वेळा सांगावे लागतील, कदाचित पाच. सांगा. राज्य आलं तर येऊ द्या. आउट झाला तर आउट! बसेल थोडा वेळ कट्ट्यावर रुसून, तुम्ही बसता तसाच.