नाला वाहता राहिला पाहिजे!

पंचगंगेस पूर आला कीं सारा दोष नदीच्या माथीं मारून मोकळें होण्याची आमच्या करवीर नगरीस संवय जडली आहे. राजाराम बंधाऱ्यापाशीं पाणी ३९ फुटांवर गेलें म्हणजे इशारा व ४३ फुटांवर गेलें म्हणजे धोका, हें येथील शाळकरी पोरासही ठाऊक असतें. १९८९, २००५, २०१९ व २०२१ ह्या सालांचे पूर ह्या शहरानें सोसले. २०१९ च्या ऑगस्टांत तर पाणी ५५ फुटांच्याही वर चढलें. परंतु तें बाजारपेठेंत शिरलें कोणत्या वाटेनें? जयंती नाल्याच्या! नदी फुगली म्हणजे नाल्याचें पाणी तींत उतरूं शकत नाहीं. उलट नदीच नाल्यांतून मागें चालत येते. मग शाहूपुरी व लक्ष्मीपुरी येथील दुकानांत माल भिजतो, आणि गणेशमूर्ति घडविणाऱ्या कुंभारांचे महिनोन्‌महिन्यांचे श्रम चिखलास मिळतात.

ह्या पाण्यास पसरावयास जी जागा होती, ती कोणीं गिळली? नाल्याच्या कांठीं भराव टाकून ज्यानें आपली जागा उंच केली, त्यानें आपल्या वांट्याचें पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यांत लोटलें. पूररेषा कागदावर आंखल्या गेल्या आहेत. पण कागदावरील रेषेनें पाणी अडत नाहीं, आणि बांधकामही अडत नाहीं!

दुसरा अपाय बारमाही आहे. शहराचें सांडपाणी ह्याच नाल्यांतून वाहतें. तें उपसून कसबा बावड्याच्या केंद्रांत शुद्ध करण्याची सोय आहे व त्या केंद्राची शक्ति दररोज ७ कोटि ६० लक्ष लिटरांची आहे. परंतु पंप थांबले किंवा पाऊस कोसळला कीं मैला बांधावरून थेट पंचगंगेंत जातो. खालच्या गांवांस तीच नदी प्यावयाची आहे. दूषित पाण्यापायीं काय ओढवतें, हें २०१२ सालच्या काविळीच्या सांथींत इचलकरंजीनें माणसें गमावून पाहिलें आहे.

तेव्हां महानगरपालिकेस आमचें सांगणें स्पष्ट आहे. मृगाच्या आधीं गाळ काढावा व तो कांठावर न ठेवतां उचलून न्यावा. कांठावरचा गाळ पहिल्याच सरीबरोबर पुनः नाल्यांत उतरतो. वीज गेली तरी पंप चालतील अशी तजवीज असावी. पावसाचें पाणी व मैला ह्यांच्या वाटा निराळ्या कराव्या. पूररेषेच्या आंतील नवा भराव, तो कितीही वजनदार असामीचा असो, काढावयास लावावा. नाल्याच्या तोंडीं नुसते दरवाजे बसवून भागणार नाहीं. दरवाजा नदीस थोपवील, पण शहराचें स्वतःचें पाणी आंत तुंबेल. तें उपसण्याची सोयही पाहिजे.

व्यापारीबंधूंसही दोन शब्द. दुकान झाडून कचरा नाल्यांत लोटावयाचा आणि पूर ओसरल्यावर नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन उभें राहावयाचें, हें आपणांस शोभत नाहीं. शाहू महाराजांनीं वसविलेली पेठ राखणें हें केवळ सरकारचें काम नव्हे. नदीचें वळण बदलणें आपल्या हातीं नसेल. नाल्याचें तोंड मोकळें ठेवणें खास आहे. तें पुढील पावसाळ्यापूर्वीं व्हावें.