फैजपूरच्या मोजपट्टीवर नेहरू

पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निधनाला २०२४ मध्ये साठ वर्षे पूर्ण झाली, तरी त्यांच्या कारकीर्दीवरचा वाद थांबण्याचे चिन्ह नाही. एका पक्षाला त्यांच्यात आधुनिक भारताच्या शिल्पकाराखेरीज काही दिसत नाही. दुसऱ्याला काश्मीर आणि चीन या दोन शब्दांपलीकडे काही पाहावयाचे नसते. दोन्हीकडची माणसे नेहरूंना आपापल्या आजच्या गरजेने मोजतात. वास्तविक त्यांना मोजण्याची एक पट्टी त्यांनी स्वतःच तयार करून ठेवली आहे आणि ती आपल्या खानदेशात, जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे घडली आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूरला भरले. काँग्रेसचे अधिवेशन खेड्यात भरण्याची ही पहिलीच वेळ होती. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अंगावर घेतले, साने गुरुजी प्रचारासाठी गावोगाव हिंडले. शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांनी बांबू व गावातल्याच साहित्यातून ‘टिळकनगर’ सजविले. अध्यक्ष नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली, आणि शेतकऱ्यांचा एक जथा मनमाडहून पायी चालत अधिवेशनाला येऊन पोहोचला. हा सोहळ्याचा भाग झाला, आणि आपल्याकडे फैजपूरची आठवण बहुधा एवढ्यावरच थांबते. त्या मांडवात प्रत्यक्षात काय मंजूर झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. प्रौढ मतदानावर निवडलेल्या घटना समितीची मागणी पुन्हा करण्यात आली. साम्राज्यशाही युद्धात भारत सहभागी होणार नाही असे बजावताना स्पेनच्या जनतेला पाठिंबा देण्यात आला. आणि तेरा कलमांचा शेतीविषयक कार्यक्रम संमत झाला. त्यात सारा व खंड कमी करणे, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट देणे, कर्जाचा बोजा हलका करणे, शेतमजुरांना जगण्यापुरते वेतन देणे, सहकारी शेतीचे प्रयत्न करणे, मोठ्या शेती उत्पन्नावर आयकर लावणे आणि शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता देणे ही कलमे होती. अकरा वर्षांनी हेच नेहरू पंतप्रधान झाले आणि सतरा वर्षे त्या पदावर राहिले. एखाद्या नेत्याला त्याच्याच शब्दांनी तोलण्याची इतकी सरळ संधी इतिहास क्वचितच देतो.

घटनेच्या बाबतीत हिशेब नेहरूंच्या बाजूचा आहे. १९४६ ची घटना समिती मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांतून आली होती, म्हणजे फैजपूरची मागणी अक्षरशः पुरी झाली नाही. परंतु १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर देशातील प्रत्येक प्रौढाच्या हाती मतपत्रिका पडली, आणि पुढे १९५७ व १९६२ मध्येही ती ठरल्या वेळी पडली. शेजारच्या नवस्वतंत्र देशांत काय घडत होते ते पाहिले म्हणजे या नेमस्त दिसणाऱ्या गोष्टीचे मोल कळते.

परराष्ट्र धोरणाचा निवाडा इतका सोपा नाही. फैजपूरला स्पेन आणि ॲबिसिनियाविषयी बोलणारा अध्यक्ष म्हणजे हवेत बोलणारा माणूस, अशी थट्टा तेव्हाही झाली असेल. पण नेहरू १९३८ मध्ये खरोखरच स्पेनला जाऊन आले. त्याच वर्षी काँग्रेसने चीनला वैद्यकीय पथक पाठविले. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिकडेच १९४२ मध्ये वारले. कोरियातील युद्धकैद्यांचा प्रश्न, १९५५ ची बांडुंग परिषद, १९५६ मध्ये सुएझवरील आक्रमणाचा निषेध ही सारी याच दृष्टीची फळे होत. कोणत्याही लष्करी गटात न शिरता एका दरिद्री देशाने जगात आपला शब्द ऐकला जाईल अशी जागा मिळविली, हे नाकारता येणार नाही.

उणीव निराळ्याच ठिकाणी होती. युरोपीय साम्राज्यशाही नेहरूंना लांबून ओळखता येत असे. साम्राज्यशाहीविरोधी भाषा बोलणाऱ्या सत्तेतही तीच भूक असू शकते, हे मानावयास त्यांचे मन तयार नव्हते. हंगेरीतून सोव्हिएत फौजा मागे घ्याव्यात या ठरावावर नोव्हेंबर १९५६ मध्ये भारत संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहिला. चीनविषयी सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात स्पष्ट इशारा दिला होता. १९५४ च्या पंचशील कराराने तिबेटमधील वारशाने आलेले हक्क भारताने सोडले. त्या बदल्यात सीमा मान्य करून घेतली नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात त्याची किंमत सैनिकांनी मोजली, आणि यशवंतराव चव्हाणांना मुंबई सोडून संरक्षण खाते सांभाळण्यासाठी दिल्लीला जावे लागले. हा पराभव केवळ लष्करी सिद्धतेचा नव्हता. फैजपूरच्या व्यासपीठावर जी नजर इतकी तीक्ष्ण होती, ती आशियाई बंधुत्वाच्या कल्पनेपुढे मंदावली होती.

तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते नेहरूंच्या कारकिर्दीचा सर्वांत कठीण प्रश्न हिमालयात नसून जमिनीत आहे. चीनने ऐकले नाही, असे म्हणता येते; जमिनीच्या बाबतीत ज्यांनी ऐकले नाही ते नेहरूंच्याच पक्षाचे होते.

त्यांनी प्रयत्न केला नाही असे नव्हे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववी अनुसूची आणली आणि तिच्यात आरंभीच १९४८ च्या मुंबई कुळकायद्याला न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण दिले. (याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरची बंधनेही वाढविली.) खानदेश रयतवारीचा मुलूख, जमीनदारी निर्मूलनाच्या गाजावाजाशी त्याचा संबंध थोडा. येथील खरा आधार कुळकायद्याचा होता. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कूळ हे जमिनीचे मालक मानले जाणार होते. परंतु तो दिवस उजाडण्यापूर्वीच अनेक ठिकाणी कुळांकडून ‘स्वेच्छेने’ राजीनामे लिहून घेतले गेले होते. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे दांडेकर आणि खुदानपूर यांनी केलेल्या पाहणीत कायदा कागदावर आणि कब्जा दुसऱ्याकडे हे चित्र तेव्हाच समोर आले होते. दिल्लीला ते ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही.

शेती हा घटनेनुसार राज्यांचा विषय, हे नेहरूंच्या बचावाचे उत्तर. ते खरे आहे, पण अपुरे आहे. देशातील बहुतेक राज्यांत त्यांचाच पक्ष सत्तेवर होता आणि भाषावार प्रांतरचनेपासून मुख्यमंत्र्यांच्या निवडीपर्यंत त्यांचा शब्द चालत होता. जानेवारी १९५९ मध्ये नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला, चरणसिंगांनी त्याला उघड विरोध केला, आणि ठराव पुढे मूकपणे बाजूला पडला. सहकारी शेतीला शेतकऱ्यांचाच विरोध होता, तेव्हा ती सोडली हे योग्यच झाले असे म्हणता येईल. पण शेती उत्पन्नावरील आयकराचे काय? ते फैजपूरचे साधे, स्वच्छ कलम होते. तो विषय राज्यांकडे गेला आणि केंद्राच्या आयकरातून शेतीचे उत्पन्न आजही वगळलेले आहे. ज्या मोठ्या बागायतदारांवर हा कर बसला असता तेच गावोगाव काँग्रेसची मते जमविणारे होते. लोकशाही टिकविण्यासाठी ज्यांचा आधार घेतला, त्यांनाच हात लावणे जमले नाही. नेहरूंच्या यशाचे आणि अपयशाचे मूळ असे एकाच ठिकाणी सापडते.

याचा परिणाम पाहावयाचा तर फैजपूरहून पश्चिमेस, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याकडे वळावे लागते. तापीकाठच्या या सुपीक पट्ट्यात भिल्लांच्या जमिनी कर्जापायी आणि कागदोपत्री फसवणुकीने हातच्या गेल्या होत्या; पूर्वीचे मालक त्याच शेतांत सालदार म्हणून राबत होते. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला, आणि अंबरसिंग महाराजांसारख्यांच्या पुढाकाराने ‘भूमुक्ती’ची हाक उठली. याच जिल्ह्याच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील गावे पुढे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. त्या प्रकल्पाची कोनशिला नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी बसविली होती, म्हणून बुडीताचे सारे खापर त्यांच्या माथी मारण्याची पद्धत आहे. ती न्यायाची नाही. त्या वेळची योजना १६२ फुटांची होती. ४५५ फुटांची जलपातळी लवादाने १९७९ मध्ये ठरविली. शहाद्याच्या बाबतीत मात्र अशी सूट देता येत नाही. तेथील जमीन बुडाली नव्हती, ती जागेवरच होती; फक्त सातबाऱ्यावरचे नाव बदलले होते.

शेतकरी-शेतमजुरांच्या संघटनांना मान्यता हे फैजपूरचे कलम होते. शहाद्याच्या मजुरांना आपली श्रमिक संघटना १९७२ मध्ये स्वतःच उभी करावी लागली. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने केला तो १९७४ चा, नेहरूंच्या निधनानंतर दहा वर्षांनी आणि फैजपूरनंतर अडतीस वर्षांनी.