सल्ला कोणाचा, नुकसान कोणाचे?

ऑनलाइन विक्रीबद्दलची माहिती आज इतकी मिळते की तिच्यापुढे अडाणी राहायला निमित्तच उरलेले नाही, असा एक समज रूढ झाला आहे. दहा जणांचे ऐका, शंभर अभिप्राय वाचा, खरे-खोटे आपोआप निवडून निघेल, हा त्याचा मथितार्थ. पेठ वडगावच्या एखाद्या व्यापाऱ्याला गूळ ऑनलाइन विकायचा आहे असे धरून हा समज तपासावा. मोबाइल उघडला की महिन्यात विक्री दुप्पट करून देणारे वर्ग, फॉलोअर वाढवून देणारे एजंट आणि जाहिरातीचे ‘गुपित’ सांगणारे व्हिडिओ त्याच्यापुढे रांग लावतात. पण या दहा जणांच्या साक्षी दहा असतातच असे नाही. एकाचा व्हिडिओ चालला की बाकीचे तोच मजकूर आपल्या तोंडाने म्हणतात, आणि उसन्या साक्षींची संख्या वाढल्याने पुरावा वाढत नाही. शिवाय यांतल्या अनेकांचा चरितार्थ माल विकण्यावर चालत नाही, विक्री शिकवण्यावर चालतो. गूळ गोदामात पडून राहिला तरी त्यांची फी आधीच जमा झालेली असते.

ताऱ्यांचा हिशेब तरी प्रामाणिक असतो, असे यावर कोणी म्हणेल. पण गुळाला पाच तारे देणारा ग्राहक रंग, चव, वेष्टन आणि माल वेळेत आला की नाही, एवढेच सांगू शकतो. ढेपेत साखर मिसळली आहे का, पिवळाधमक रंग रसायनाचा आहे का, हे प्रयोगशाळेत कळते. हजार ग्राहकांच्या बहुमताने ठरत नाही. त्यातून अभिप्राय विकतही मिळतात. हा रोग किरकोळ असता, तर ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे छापावेत यासाठी 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोला आयएस 19000 हे मानक काढावे लागले नसते.

दुसऱ्या टोकाला जुन्या बाजाराचे गोडवे गाणारे आहेत. समोरासमोरच्या व्यवहारात फसवणूक नव्हती, असे ते सांगतात. वडगावचा जनावरांचा बाजार ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे पटणार नाही. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत होती. शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नसे, आणि हेड्याची, म्हणजे जनावरांच्या दलालाची, दलाली दोन्हीकडून चाले. तरीही व्यवहार टिकला, कारण घेणारा हेड्याच्या शब्दावर न थांबता बैलाचे दात स्वतः मोजत असे, आणि खोटे बोलणाऱ्या हेड्याला पुढच्या बाजारी त्याच लोकांपुढे उभे राहावे लागे. त्या बाजाराकडून घ्यायचे ते एवढेच: दावा पडताळता आला पाहिजे आणि तो खोटा ठरल्यास करणाऱ्याचे काहीतरी गेले पाहिजे.

ऑनलाइन सल्ल्यालाही हीच कसोटी लावावी. ‘नावात कोल्हापुरी घाला, माल उठतो’ हा सल्ला सर्रास मिळतो. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकित नाव वापरण्याचा हक्क 1999 च्या कायद्याने नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्याला दिला आहे, आणि खोट्या वापराला शिक्षा आहे. सल्लागार मोकळा राहतो, अडकतो तो व्यापारी. मानांकनाची नोंद ठेवणाऱ्या चेन्नईच्या कार्यालयाची नोंद रूक्ष असते आणि तिला लाइक मिळत नाहीत. पण तिच्यामागे जबाबदार अधिकारी आणि कायदा असतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मालाची शिफारस करणाराही त्यातून सुटत नाही. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे सांगणे 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंधनकारक केले आहे.

कायदा कागदावर राहतो आणि नोंदणीचा शिक्का म्हणजे शुद्धतेची हमी नव्हे, हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण शिक्क्याचे काम माल गोड करण्याचे नाहीच. तक्रार कोणाच्या दारात न्यायची हे त्यावरून कळते, आणि निनावी व्हिडिओला दारच नसते. नोंदणी न केलेला प्रामाणिक लहान उत्पादक या कसोटीत मागे पडेल, हा तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचे उत्तर कसोटी सैल करण्यात नाही. अन्न व्यवसायाची लहानांसाठीची नोंदणी नाममात्र शुल्कात होते. बाजार समितीने आणि व्यापारी संघटनांनी ती करून देण्याचे काम अंगावर घ्यावे. ज्या सल्ल्यामागे कायदा नाही, तिथे व्यापाऱ्याने बैलाचे दात मोजावेत: थोड्या पैशांत दोन जाहिराती चालवाव्यात आणि किती जणांनी पाहिले हे सोडून कमिशन, पोहोच खर्च व परत आलेला माल वजा जाता हाती काय उरले ते वहीत मांडावे. सल्लागाराला मात्र पहिला प्रश्न एकच विचारावा: हे खोटे ठरले तर तुमचे काय जाईल? ज्याचे काहीच जाणार नाही, त्याच्या शब्दावर माल भरू नये.