रक्तात असेल, तर लक्ष आधी द्या




नववी-दहावीतला मुलगा वर्गात मारामारी करताना किंवा खिशात गुटख्याची पुडी बाळगताना सापडला, की आमच्या ठाणाकुशनूर भागात पारावर एकच निकाल लागतो : ‘बापावर गेलाय. खाण तशी माती.’ मग शाळा दाखला देऊन मोकळी होते आणि घरचे त्याला हैदराबाद-पुण्याकडे कामाला धाडतात. या निकालालाच माझी हरकत आहे.

त्यात तथ्य नाही असे नव्हे. संशोधक गुडविन आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली डेन्मार्कमधल्या दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मदात्यांपैकी एकाला दारूचे व्यसन होते, पण मुलगा वाढला परक्या घरी. तरीही अशांपैकी १८ टक्के पुढे दारूच्या आहारी गेले. इतर दत्तक मुलग्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. म्हणजे रक्त बोलते. पण उरलेल्या ८२ टक्क्यांचे काय? त्यांच्याविषयी पारावर कुणी बोलत नाही.

आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. विवेक बेनेगल यांच्या गटाने व्यसनी घराण्यातल्या, पण स्वतः दारू न घेतलेल्या मुलांचे मेंदू तपासले. २००७ च्या त्या अभ्यासात मेंदूचे काही भाग आकाराने लहान आढळले, आणि त्याचा संबंध मुलांच्या आडदांड, उतावळ्या वागण्याशी दिसला. म्हणजे वर्गातला दंगा दारूच्या आधी येतो. तो शिक्षकांना पाचवी-सहावीतच दिसतो. आपण त्याला छडी देतो आणि विसरतो.

बरे, रक्ताला दोष देणारे घरात काय करतात? बापाची क्वार्टर आणि पाहुण्यांसाठी पुडी आणायला त्याच पोराला पिटाळतात. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाच्या हातात दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गुटख्यावर कर्नाटकात २०१३ पासून बंदी आहे. पण पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत, की झाली पळवाट! पोराला हे आणायला पिटाळायची सवय कुठल्या जनुकातून आली?

मुख्याध्यापक म्हणतील, एकामुळे बाकीची बिघडतात. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. मान्य. पण मग शाळेतून काढलेला पवळ्या कुणाशेजारी बांधला जातो, तेही पाहा. वीटभट्टीवर किंवा धाब्यावर त्याच्या वयाचे फारसे कुणी नसते. असतात ते रोज संध्याकाळी पिणारे. ज्याला जन्मतः धोका जास्त, त्यालाच आपण सर्वांत वाईट संगतीत नेऊन सोडतो.

राज्याच्या मनोचैतन्य योजनेत मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाने यावे अशी सोय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. दाखल्यावर सही करण्याआधी शाळा विकास व देखरेख समितीने (एसडीएमसी) मुलाला एकदा तरी त्या रुग्णालयात पाठवल्याची नोंद मागावी. सोबत बापालाही न्यावे. तो पीत असेल तर त्याचाही केसपेपर काढावा. आणि समोर बसणाऱ्या डॉक्टरला किंवा समुपदेशकाला मराठी समजावी, एवढी मागणी सीमाभागातल्या आमदारांनी बीदरच्या आरोग्य खात्याकडे लावून धरावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ठाणाकुशनूर, जि. बीदर