यंत्रपुरुषाचीं उपकरणें

गेल्या महिन्यांत आमच्या कामोठ्याच्या बिऱ्हाडीं एक लहानसा प्रसंग घडला. तो घरगुती खरा. परंतु ज्या घरांत शाळकरी मुलें आहेत अशा पुष्कळ वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें सांगतों.

माझा नातू इयत्ता सातवींत आहे. वाढदिवसाला त्याच्या वडिलांनीं त्यास रोबोट करण्याच्या सामानाची पेटी आणून दिली. सेल, बटण, दोन मोटरी आणि दोन चाकें जोडून प्रथम साधी गाडी चालवावयाची, व मागाहून तिला ‘मेंदू’ बसवावयाचा, असा क्रम होता. पोरानें तीन दिवस खपून गाडी जोडली. बटण दाबलें तों डावें चाक फिरलें, उजवें हलेना. गाडी जागच्या जागीं गरगर फिरूं लागली. वडील म्हणाले, सामानच वाईट. आई म्हणाली, दुसरी पेटी आणूं. मुलगा माझ्यापाशीं येऊन म्हणाला, “आजोबा, माझं काय चुकलं?”

मी पडलों संस्कृताचा शिक्षक. छत्तीस वर्षें धातुरूपें घोकून घेतलीं. पण घरांत एक स्क्रू पिळावयाचा झाला तरी माणूस बोलवावयाचा, ही आम्हां पांढरपेशांची रीत! मला उत्तर देतां आलें नाहीं. “मला हे जमणार नाही,” असें म्हणून त्यानें गाडी पेटींत घातली. तें वाक्य माझ्या जिव्हारीं लागलें. दुसरे दिवशीं त्याला व पेटीला घेऊन मी आमच्या सेक्टरांतील दुरुस्तीच्या दुकानीं गेलों.

कारागिरानें काय केलें? मल्टिमीटर काढून त्याच्या दोन सुया मुलाच्याच हातीं दिल्या. सेलांपाशीं आंकडा आला सुमारें ६ व्होल्ट. बटणाच्या पलीकडे तितकाच. उजव्या मोटरीच्या टोकांशीं मात्र शून्य. म्हणजे दोष बटण व मोटर यांच्या मध्येंच कोठेंतरी असला पाहिजे. तेथला एक सांधा सोडविला तों डाग तारेवर नुसता गोळीसारखा बसलेला, तारेला धरलेलाच नव्हता! “गुरुजी,” तो म्हणाला, “दुसरी पेटी आणली असती तरी हेंच झालं असतं.” आधीं सांधा तापवावा, मग तापलेल्या सांध्याला कथलाची तार लावावी, हें त्यानें दाखविलें, डाग मुलानेंच दिला. चाक फिरलें.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. व्याकरणांत आम्ही रूपसिद्धि शिकवितों ती अशीच. रूप चुकलें तर कोणत्या पायरीवर चुकलें हें पाहावयाचें. परंतु कितीक मुलांच्या उत्तराखालीं मीं केवळ तांबडी रेघ ओढली आणि पायरी दाखविली नाहीं! त्यांतील किती जणांनीं आपलीं पुस्तकें मनांतल्या मनांत पेटींत घातलीं असतील?

असो. त्या कारागिराच्या सल्ल्यानें व मागाहून स्वतः पाहून, रोबोट करूं इच्छिणाऱ्या मुलास कोणतीं उपकरणें द्यावीं हें आतां सांगतों.

पहिला मान मल्टिमीटरचा. साधा मल्टिमीटर कांहींशे रुपयांत मिळतो. तार अखंड असल्यास तो शिटी देतो, सेल उतरला असल्यास आंकडा दाखवितो. मात्र घरच्या विजेच्या प्लगांत मुलांनीं तो कधींहि घालूं नये.

दुसरीं, धरण्याचीं व कापण्याचीं : चपट्या आणि फुलीच्या तोंडाचे लहान स्क्रूड्रायव्हर, निमुळत्या तोंडाची पक्कड, तार कापण्याचा कटर, तारेचें आवरण सोलण्याचें हत्यार, बारीक दांत्यांची करवत, कानस, फुटपट्टी व गुण्या. गुण्याला विसरूं नये. चाकांचा आंस तिरपा बसला कीं गाडी सरळ जात नाहीं.

तिसरीं, जोडण्याचीं : प्रथम छिद्रांची पाटी, जिला ब्रेडबोर्ड म्हणतात. तींत डाग न देतां तारा खोंचून जोडणी करतां येते व मोडतांहि येते. ती साधल्यावर २५ वॅटचें सोल्डरिंग आयर्न, त्याचा स्टँड, आणि आंत राळ भरलेली कथील-शिशाची तार. ६० भाग कथील व ४० भाग शिसें असलेली तार सुमारें १९० अंशांवर वितळते. काम खिडकीपाशीं करावें, डोळ्यांस चष्मा असावा, आणि शिशामुळें काम होतांच हात स्वच्छ धुवावे. लिथियमचे सेल चार्ज होत असतां वडील माणूस जवळ हवें.

एवढें पुरे. थ्री-डी प्रिंटरचा हट्ट तूर्त पुरवूं नये. मुंबईस ग्रँट रोड स्थानकानजीक लॅमिंग्टन रस्त्यावर, म्हणजे हल्लींच्या डॉ. भडकमकर मार्गावर, हें सारें सामान सुटें मिळतें.

‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकानें जगास दिला; त्याच्या मुळाशीं वेठीचें काम असा अर्थ आहे. पण स्वयंचलित पुतळ्यांची कल्पना आपल्याकडेहि जुनी. भोजराजाच्या नांवावरील ‘समराङ्गणसूत्रधार’ या ११व्या शतकांतील ग्रंथांत यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत ग्रंथकार स्पष्ट सांगतो कीं, यंत्रांची घडण मीं सांगितली नाहीं ती गुप्ततेसाठीं, अज्ञानामुळें नव्हे. ती घडण जाणणारा हात कारागिराचा होता; पोथी वाचणारे आम्ही त्या हातापासून दूर राहिलों. लक्ष्मणराव किर्लोस्करांसारखा एखादा पुरुष मुंबईंतील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगांवीं सायकलींच्या दुकानांत रमला, आणि त्यांतून पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण असे थोडेच.

खंडेनवमीस आमच्या पाटावर शस्त्रें म्हणून विळी, अडकित्ता आणि माझें फाउंटनपेन मांडण्याचा परिपाठ आहे. येत्या खंडेनवमीस त्यांच्या शेजारीं मल्टिमीटर व पक्कड मांडावयाची असें नातवानें ठरविलें आहे. पूजेपूर्वीं पकडीच्या सांध्यांत एक थेंब तेल घालण्याचें काम त्यानें माझ्याकडे दिलें असून, तें कसें घालावें हेंहि दाखविलें आहे.